सांध्यावर डांबराचा थर: एका आक्षेपाला उत्तर

पुलांचे प्रसरण सांधे (पुलाला लांबता-आखडता यावे म्हणून ठेवलेल्या फटी) आणि बेअरिंग (पूल आणि खांब यांमधले, हालचाल पेलणारे आधार) यांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे असे की, ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील उड्डाणपुलांवर प्रत्येक सांध्यापाशी बसणारा हादरा टाळण्यासारखा आहे आणि त्यावर डांबराचा सलग थर द्यावा. 1854 मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला गेली तेव्हाच्या दगडी कमानींना सांधे नव्हते, तरी त्या टिकल्या, असे आपण म्हणता. आणि बेअरिंग खराब होतात ती पाण्याने नव्हे, तर जादा भरलेल्या ट्रकमुळे, असेही आपले मत आहे. 2018 मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद राहिला तेव्हा झालेल्या त्रासाचाही आपण उल्लेख केला आहे.

प्रथम सांध्याची गरज. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांशाने वाढते. जानेवारीतील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत पुलाच्या सरासरी तापमानात 25 अंशांचा फरक धरला, तर 40 मीटरचा गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) 12 मिलिमीटरने, आणि असे तीन गाळे सलग असतील तर 120 मीटरचा पूल 36 मिलिमीटरने हलतो. काँक्रीट वाळताना होणारे आकुंचन आणि पूर्वताणाखाली (आत ताणून बसवलेल्या पोलादी केबलींच्या दाबाखाली) वर्षानुवर्षे होत राहणारे आखडणे यांची भर वेगळी, आणि ती नेहमी एकाच दिशेने पडते. ही हालचाल पूर्ण अडवली, तर 20 अंशांच्या फरकालाही दर चौरस मिलिमीटरला जवळपास 8 न्यूटनचा ताण निर्माण होतो. काँक्रीट ओढीला त्याच्या निम्म्याहूनही कमी ताण सोसते. पुलाचा आडवा छेद 5 चौरस मीटरचा असेल, तर हे बळ 4,000 टनांच्या घरात जाते. प्रत्यक्षात खांब थोडे वाकतात म्हणून ते पूर्ण निर्माण होत नाही, परंतु ज्याच्या विरोधात आपण डांबराचा थर उभा करू पाहता ते बळ या प्रतीचे आहे.

दगडी कमानीची गोष्ट वेगळी आहे. ती तापली की तिचा माथा किंचित वर उचलला जातो, थंड झाली की बसतो, आणि दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या असंख्य फटींमध्ये ही हालचाल विरून जाते. शिवाय कमान जवळजवळ सर्वत्र दाबाखाली असते. सरळ गर्डरला (खांबांवर टेकलेल्या तुळईला) वर उचलले जाण्याची ही सोय नाही. त्याला आडवेच सरकावे लागते, आणि बेअरिंग त्यासाठीच असते. पोलादी पत्रे घातलेल्या निओप्रीनच्या बेअरिंगमध्ये रबराची एकूण जाडी 50 मिलिमीटर असेल, तर ते साधारण 35 मिलिमीटरपर्यंत तिरके होऊन ही हालचाल पेलते.

आता डांबराचा मुद्दा, आणि माझा खरा आग्रह इथेच आहे. सांध्यावरून ओढलेला साधा थर काही महिन्यांत त्याच रेषेत तडकतो. मग खडी आणि गाळ फटीत उतरतो, स्ट्रिप सीलची (सांध्याची फट झाकून पाणी अडवणारी) रबरी पट्टी थंडीत उघडते, उन्हाळ्यात मिटताना त्या खडीवर आवळली जाते आणि फाटते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; फाटलेल्या पट्टीतून ते पाणी थेट खांबाच्या माथ्यावर आणि गर्डरच्या टोकांवर येते. पूर्वताणित गर्डरच्या केबलींची टोके बहुधा याच ठिकाणी, सांध्याच्या बरोबर खाली, घट्ट अडकवलेली असतात. खाडीकाठच्या हवेतील क्षार पृष्ठभागावर साचलेले असतात, आणि ओल त्यांना आत नेते. वाशीचा पहिला खाडीपूल 1970च्या दशकात खुला झाला आणि त्याच्या केबलींना लागलेल्या गंजाने दोन दशकांतच चिंता निर्माण केली. त्याचा दोष मी सांध्यांवर टाकत नाही, परंतु या खाडीच्या हवेत पोलादाला किती जपावे लागते, हे त्यावरून समजावे.

ट्रकबाबत आपले म्हणणे अंशतः मान्य आहे. जादा भरलेली चाके सांध्याच्या कडा आणि बोल्ट नक्कीच खिळखिळे करतात. बेअरिंगवरील भारात मात्र 40 मीटरच्या काँक्रीटच्या गाळ्याचा बराच मोठा वाटा पुलाच्या स्वतःच्या वजनाचाच असतो.

हादरे कमी व्हावेत ही आपली मागणी मात्र पूर्णपणे रास्त आहे, आणि त्यासाठी योग्य उपायही आहेत. हालचाल 25 मिलिमीटरपर्यंत असेल तेथे गुणधर्म सुधारलेल्या बिट्युमेनमध्ये (डांबरात) खडी भरून केलेला लवचिक सांधा चालतो. त्यावरून गाडी जवळजवळ सलग जाते. जुन्या पुलांवर शेजारचे गाळे वरच्या स्लॅबने जोडून सांध्यांची संख्या घटवता येते, नव्या लहान पुलांत गर्डर आणि खांब एकसंध ओतून बेअरिंग व सांधा दोन्ही वगळता येतात. डांबरीकरण करायचेच असेल, तर जुना थर खरवडून नवा थर सांध्याच्या कडेच्या पातळीलाच थांबवावा. पातळीतील चूक हेच बहुतेक हादऱ्यांचे कारण असते, आणि ती ठेकेदाराकडून दुरुस्त करून घेता येते.

राहिला वाहतूक बंद ठेवण्याचा प्रश्न. भारतीय निकषांनुसार काँक्रीट पुलाचे आयुष्य 100 वर्षे धरतात. बेअरिंग तितकी टिकत नाहीत, म्हणून ती मधून बदलावी लागतात. त्यासाठी संपूर्ण गाळा जॅकने काही मिलिमीटर उचलतात. सर्व जॅक एकाच गतीने चढले नाहीत, तर स्लॅबला पीळ पडून भेगा जातात, आणि वरून वाहने धावत असतील तर प्रत्येक जॅकवरील भार क्षणोक्षणी बदलत राहतो. म्हणून उचलण्याचे आणि परत बसवण्याचे तास तरी पूल रिकामा ठेवावाच लागतो. खांबाच्या माथ्यावर जॅकसाठी जागा मुळातच ठेवलेली नसेल, तर आधी लोखंडी आधार उभारावे लागतात, आणि दुरुस्तीचे बरेचसे दिवस त्यातच जातात.