हेश्वानचा आठवडा आणि आपली बालवाडी

१६ एप्रिल २०२५ला महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, १७ जूनला त्यात बदल केला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. अडीच महिने रान उठलं होतं, आणि ते उठायलाच हवं होतं. पण इस्रायलमध्ये बसून तो वाद वाचताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. सहा वर्षांच्या मुलाने किती भाषा शिकाव्यात यावर एवढी चर्चा झाली. मग पाच वर्षांचं मूल सोमवार ते शनिवार वर्गात नेमकं काय करतं, याबद्दल कुणी चकार शब्दही का काढला नाही? पाया तर तिथेच घातला जातो. भाषेचासुद्धा.

इथे बालवाडीला ‘गन’ म्हणतात आणि शिक्षिकेला ‘गनेनेत’. १९४९च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातच पाच वर्षांचं मूल धरलेलं होतं, आणि गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून तीन वर्षांपासूनचं शिक्षण सगळ्यांना मोफत झालं. आपला २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांचा आहे. त्यामुळे बालवाडी कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिली, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा एक मानला तरी त्यातल्या पहिल्या तीन वर्षांना हक्काचं बळ मिळालेलं नाही.

गनचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि शुक्रवारी दुपारी संपतो. वर्ष सप्टेंबरला उघडतं, पण रोश हशाना या ज्यू नववर्षापासून सिम्खात तोरापर्यंत सणांची रांग लागते. खरं शिकणं ‘सणांनंतर’, म्हणजे हेश्वान या हिब्रू महिन्यात. या महिन्यात एकही मोठा सण नाही. पहिल्या पावसाची वाट पाहायची, आणि तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या साप्ताहिक वाचनात याच सुमारास नोआखच्या प्रलयाची कथा येते: महापुरातून प्राण्यांच्या जोड्या जहाजात वाचवणारा तो नोआख. सरकारी-धार्मिक गनमध्ये ती कथा आठवडाभर चालते. सरकारी सर्वसाधारण गनमध्ये भर पावसावर आणि स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्यांवर असतो. हिवाळ्याची वर्दी देणारा इथला लाडका पक्षी म्हणजे पांढरा धोबी. तोच थंडीत आपल्याकडे नदीकाठी शेपटी हलवत फिरतो.

रविवारी सकाळच्या बैठकीत आधी दिनदर्शिका. दोन तारखा लावायच्या, एक हिब्रू आणि एक इंग्रजी. हिब्रू पंचांगही चांद्र-सौर आहे आणि १९ वर्षांत ७ अधिक महिने धरतं, हे अधिक मास पाळणाऱ्या मराठी घराला समजावून सांगावं लागत नाही. मग कथा. पुस्तकातून वाचून नाही, तोंडी, हातवारे करत, दहा-बारा मिनिटांत. त्यापुढे पाच वर्षांचं मूल गोलात बसत नाही. शिक्षिकेने ताणलं की मागची रांग आधी चुळबुळते, मग एकमेकांना ढकलते, आणि उरलेला वेळ शांत करण्यात जातो.

सोमवारी गणित. तोरात नोआखच्या जहाजाची मापं दिली आहेत: ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आपल्या आजीचाही तोच. मुलं आपापल्या हातांनी वर्गाची भिंत मोजतात. सहा मीटरच्या भिंतीला मुलाचे साधारण वीस हात लागतात, शिक्षिकेचे चौदा. कुणाचे सतरा येतात, कुणाचे तेवीस. चुका ठरलेल्या आहेत. काही जण कोपर पुढे ठेवताना मध्ये फट सोडतात, काही जण आधीच्या बोटावरच कोपर टेकवतात, काही जण भिंतीच्या कोपऱ्यापासून सुरुवातच करत नाहीत. चांगली शिक्षिका इथे चूक दाखवत नाही. सगळी उत्तरं फळ्यावर लिहून ती विचारते, भिंत तर एकच आहे, मग हे असं का? मुलांनीच ‘सगळ्यांनी एकाच माणसाचा हात घ्यायचा’ असं म्हणेपर्यंत ती थांबते. मग त्या मापाच्या दोऱ्या कापल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी अंगणात जहाजाचा दहावा हिस्सा, म्हणजे तीस हात, आखला जातो. एककाची गरज का पडली हे मुलाला कळतं, आणि हे कळायला एकही आकडा गिरवावा लागत नाही.

मंगळवार-बुधवार भाषेचे. शिक्षण मंत्रालयाचा वाचन-लेखनाच्या पायाभरणीचा अभ्यासक्रम २००६चा आहे. त्याचा गाभा असा: आधी कान, मग डोळा, शेवटी हात. सहा-सहा मुलांचे गट करून जहाजातल्या प्राण्यांची चित्रं टाळ्यांच्या संख्येनुसार लावायची, नाव तोडून म्हणताना प्रत्येक तुकड्याला एक टाळी. पील म्हणजे हत्ती, एक टाळी. योना म्हणजे कबुतर, दोन. जिराफ हिब्रूत ‘जिराफा’, त्याला तीन, ‘हिपोपोताम’ म्हणजे पाणघोड्याला चार. फसतं ते चित्र निवडण्यात. एकच चित्र कुणी कबुतर म्हणतं, कुणी पक्षी. मग टाळ्या जुळत नाहीत आणि मूल चुकलं असं वाटतं. म्हणून खेळाआधी सगळ्या चित्रांची नावं एकदा मोठ्याने ठरवून घ्यावी लागतात. त्यानंतर शब्दाचा पहिला आवाज ओळखणं, आणि मग स्वतःच्या नावाची चिठ्ठी: आधी फोटोसह, काही आठवड्यांनी फोटोशिवाय. हिब्रू अक्षरं २२, शिवाय पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी येणारी वेगळी रूपं. मुलाने ती ओळखावीत, स्वतःचं नाव लिहावं, एवढी अपेक्षा. ओघवतं वाचन पहिलीत, स्वरचिन्हांसह. उलटं अक्षर काढलं तर कुणी लाल शाईने गोल करत नाही. या वयात आरशातल्यासारखं लिहिणं सर्रास होतं आणि बहुतेकांचं आपोआप सुटतं.

आपल्याकडे ज्युनिअर केजीत चार रेघी वही, गृहपाठ आणि चाचणी असते. पालकांना वाटतं पोरगं पुढे गेलं. बोटांचे स्नायू तयार नसताना पेन्सिल धरायला लावली की मूल ती मुठीत आवळतं, मनगटाऐवजी खांदा हलवतं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. गनमध्ये हा पाया वहीवर घातला जात नाही. तो घातला जातो कणकेत, काकडी चिरण्यात आणि अंगणातल्या भंगारात.

त्या भंगाराबद्दल थोडं. स्दे एलियाहू या किबुत्झमधल्या, म्हणजे सामुदायिक वसाहतीतल्या, मल्का हास यांनी ‘भंगाराचं अंगण’ ही कल्पना रुजवली: जुनी चाकं, पातेली, टायर, खोकी, मोडकी खुर्ची, बिनवायरचा टेलिफोन. मुलं त्यातून जहाज बांधतात, ते बुडतं, पुन्हा बांधतात. खर्च जवळपास शून्य, पण रोजचं काम आहे. काच, गंज, बाहेर आलेले खिळे सकाळी बघावे लागतात, विजेच्या वस्तूतले सेल आणि आतले भाग आधी काढावे लागतात, टायरमध्ये पाणी साचू द्यायचं नाही, आणि वस्तू ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. नाहीतर महिन्याभरात तो नुसता कचऱ्याचा ढीग होतो. घसरगुंडी एकाच रीतीने वापरता येते, चाक पन्नास रीतींनी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक अंगणवाडीला हे परवडेल, म्हणून मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शुक्रवारी सगळा आठवडा एका टेबलावर येतो. शब्बातचं, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं स्वागत: दोन मुलं ‘शब्बातचे आई-बाबा’ होतात, पांढरे कपडे, दानाच्या डब्यात नाणं, मेणबत्त्या, द्राक्षाचा रस आणि खल्ला नावाचा वेणी घातलेला पाव. पस्तीस मुलांसाठी एक किलो मैदा, दीड मोठा चमचा कोरडं यीस्ट, शंभर ग्रॅम साखर, एक मोठा चमचा मीठ, दोन अंडी, अर्धी वाटी तेल आणि साधारण साडेचारशे मिली कोमट पाणी. प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास ग्रॅमचा गोळा येतो. त्याचे तीन भाग, प्रत्येकाची वीतभर वळी, मग वेणी. पाणी हाताला चटका देणारं असेल तर यीस्ट मरतं. मीठ थेट यीस्टवर टाकलं तर ते मंदावतं. वळी पुन्हा पुन्हा आखडत असेल तर कणकेला दहा मिनिटं झाकून ठेवायचं. टेबलावर मैदा फार भुरभुरला तर वळी घसरते, लांबत नाही. अशा वेळी मैद्याऐवजी तेलाचा हात पुरतो. सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. सहा गटांना दहा-दहा मिनिटं म्हणजे तास गेला. शेवटच्या गटापर्यंत कणीक फुगून आंबते. म्हणून अर्धी कणीक फ्रिजमध्ये ठेवतात. तीळ आणि अंड्याची ॲलर्जी आधी विचारून घ्यावी लागते. १८० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं, आणि बाराच्या आधी सगळ्यांच्या हातात आपापला पाव.

ज्यांना हे नुसतं धर्मशिक्षण वाटतं, त्यांची शंका मी बाजूला सारत नाही. सरकारी, सरकारी-धार्मिक, कट्टर धार्मिक आणि अरब असे इथे शाळांचे वेगळे प्रवाह आहेत. एकाच गावातली मुलं तिसऱ्या वर्षापासून वेगवेगळ्या दारांतून आत जातात. ही वाटणी महाराष्ट्राने अजिबात उचलू नये. पस्तीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस हे प्रमाणही चांगलं नाही. इथले पालक आणि शिक्षिका त्यावर वर्षानुवर्षं भांडतात.

भाषेचा मुद्दा अधिक अवघड आहे. रिशोन लेत्सियोनला १८९८ मध्ये पहिलं हिब्रू गन सुरू झालं, तेव्हा घराघरांत यिद्दिश, अरबी, लादिनो बोलली जायची. गाणी नव्हती, खेळातले शब्द नव्हते. शिक्षिकांनी ते घडवले आणि मुलांनी घरी नेले. आज मराठी शाळांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे नीट पाहावं: भाषा जगली ती आदेशावर नाही, चार-पाच वर्षांच्या मुलांच्या गाण्यांवर. पण याच यशाची किंमत रायगडमधून आलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबांनी मोजली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांची मातृभाषा मराठी. दिमोना, अश्दोद, लोदमध्ये आजी अजून मराठीत बोलते, नारळ-पोह्यांचा मलिदाही होतो, पण नातवंडं हिब्रूत उत्तर देतात. बालवाडीची भाषा दोन पिढ्यांत घराची भाषा होते. मराठी बालवाडीसाठी जे आग्रही आहेत, त्यांनी पालघरच्या वारली मुलाबद्दलही हाच विचार केला पाहिजे.

तो विचार आपल्याकडे झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. पानं, शिंपले, बिया हेच साहित्य. त्यामुळे इस्रायलकडून आयात करण्यासारखं फार काही नाही. घ्यायचं ते एवढंच, की आठवड्याला एक धागा असावा आणि शेवटच्या दिवशी मुलांनी स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी सगळ्यांनी मिळून खावं.

‘आनंददायी शनिवार’ पहिली ते आठवीला लागू आहे. तो बालवाडीत आणायला फार लागत नाही. वीस मुलांच्या थालीपिठांना एक किलो भाजणी, दोन बारीक चिरलेले कांदे, मूठभर कोथिंबीर, तिखट-मीठ आणि सुमारे साडेसातशे मिली कोमट पाणी. पाणी एकदम न ओतता लागेल तसं. प्रत्येकाला नव्वद-शंभर ग्रॅमचा गोळा, ओल्या फडक्यावर थापायचा, मध्ये बोटाने भोक पाडायचं. गोळा कोरडा असेल तर कडा फाटतात, फार सैल असेल तर फडक्यावरून सुटत नाही. तवा मात्र मोठ्या माणसाने सांभाळायचा, मुलांपासून दूर. आणि त्याच वेळी थापणाऱ्या सहा मुलांजवळ दुसरं मोठं माणूस हवं, उरलेल्या चौदांजवळ तिसरं. एकटी सेविका आणि एक मदतनीस वजनं, लसीकरण, पोषण आहार आणि नोंदवह्या सांभाळून हे करू शकत नाहीत. माध्यमाच्या प्रश्नावर जे रस्त्यावर उतरले, त्यांनी पुढच्या अर्थसंकल्पात त्या तिसऱ्या माणसाचा पगार मागावा.