आमच्या गावाला डोंगर नाही

नववीचे घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. 'प्रतिध्वनीचे उदाहरण लिहा' या प्रश्नाला 31 पोरांनी एकच उत्तर लिहिलं होतं : डोंगरात ओरडल्यावर. आता आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गोदाकाठी. चहूकडं सपाट काळं रान. निम्म्या पोरांनी डोंगर पाहिला असेल तो सहलीच्या एसटीच्या खिडकीतून. गुण सगळ्यांना पूर्ण दिले आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. तो डोंगर फळ्यावर मीच लिहून दिला होता. बारा वर्षं देतोय.

दुसऱ्या दिवशी वर्ग उचलला आणि गावाबाहेर बंद पडलेल्या जिनिंगच्या लांब भिंतीपुढं नेला. पाच पावलांवरून टाळी वाजवली, काही नाही. टाळ्या वाजवत मागं सरकत गेलो. सतराएक मीटरवर एक जण ओरडला, "सर, परत यायलाय!" आवाजाचा ठसा मेंदूत साधारण 0.1 सेकंद राहतो, तेवढ्या वेळात ध्वनी 34 मीटर जातो, म्हणून जाऊन-येऊन धरता भिंत आपल्यापासून निदान 17 मीटर दूर हवी. हे पुस्तकात आहेच. काही पोरांना त्याच्या आधीच ऐकू आलं. असू द्या, सगळ्यांचे कान काही एका साच्यातले नसतात.

तिथून सुटलेच सगळे. एक मुलगी म्हणाली, टँकरवर अंधारात घागर भरताना मी आत बघतच नाही, आवाज बारीक झाला की पाइप काढते. बरोबर आहे. पाणी चढतं तसा वरचा हवेचा स्तंभ आखूड होतो आणि वारंवारता वाढते. बासरीतही तेच. हलगीवाल्यांच्या घरचा पोरगा सांगायला लागला, पावसाळ्यात हलगी 'बसते', मग जाळावर शेकायची. कातडं वाळून ताणलं जातं आणि आवाज चढतो. ताण आणि वारंवारता मी कधीच इतक्या सोप्या शब्दांत शिकवली नव्हती.

पण पोरांना सगळं आधीच ठाऊक असतं, अशी भाबडी पोस्ट मला लिहायची नाही. विचारलं, शेजारच्या गावच्या सप्त्याचं कीर्तन दुपारी ऐकू येत नाही, रात्री शब्दन्‌शब्द कसा येतो? "रात्री आवाज वाढवतेत सर." "रात्री सामसूम असते." दुसरं अर्धं खरं. उरलेलं अर्धं मातीत आहे. हिवाळ्यात सूर्य बुडाला की रान लवकर निवतं, जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची त्यामानानं उबदार राहते. उबदार हवेत ध्वनी जोरात धावतो, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी उलटं, तापलेल्या जमिनीवरून आवाज वर निसटतो. रात्रीच्या लाइटीवर हरभरा भिजवायला बापासोबत जाणाऱ्या पोरांनी हे शंभरदा ऐकलंय, पण कारण त्यांना रानात मिळणार नव्हतं. शाळा लागते ती इथं.

प्रयोगशाळा नाही ही आमची तक्रार खरीच आहे, ती मिळालीच पाहिजे. पण ध्वनीचा धडा तिच्यावाचून अडत नाही. तो अडतो 'उदाहरण द्या' या प्रश्नापाशी, कारण उदाहरण आधीच ठरलेलं असतं. 'तू काय ऐकलंस आणि ते तसं का?' असं विचारा की. तपासायला वेळ लागेल, हे मान्य.

विजेचं मात्र मी घोकूनच घेतलं : लखलखाटानंतर गडगडाटापर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर बैल सोडून झाडाखाली नाही, घरात पळायचं. आमच्याकडं दरवर्षी माणसं जातात.

शेवटी मागच्या बाकावरच्यानं विचारलं, विहिरीतलं पाणी तुटलं की मोटारीचा आवाज बदलतो, आबा बाजेवर पडल्या पडल्या ओळखतेत, ते कसं? मोटारीवरचा भार कमी होतो, इथपर्यंत मी सांगितलं. पुढं अडकलो. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाणार आहोत.