फोटो असताना मॉडेल कशाला?

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर बराच फिरतो आहे. म्हणणं असं : लाइफ ड्रॉइंग, म्हणजे समोर बसवलेल्या जिवंत मॉडेलवरून चित्र काढणं, ही इंग्रजांनी लादलेली नक्कल, आधुनिक चित्रकारांनी ती केव्हाच झुगारली, आणि मोबाइलवर हवा तो फोटो मिळत असताना मॉडेल बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

‘इंग्रजांनी लादलं.’ मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय 1857 सालचं. सुरुवातीला साहेबाचा भर होता कारागीर घडवण्यावर. नग्न मॉडेलवरून चित्रणाचा वर्ग आला तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 च्या सुमारास. म्हणजे साठेक वर्षं उलटल्यावर. कलकत्त्यात तर गंगा उलटीच वाहिली. 1896 मध्ये तिथल्या सरकारी कलाशाळेचा प्राचार्य झालेल्या ई. बी. हॅवेल या इंग्रजानेच पाश्चात्त्य पद्धत मागे सारून भारतीय शैली पुढे आणली, आणि त्याविरुद्ध नाराज झाले ते बंगाली विद्यार्थी. आता कोणी कोणावर काय लादलं, ते मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावं.

‘आधुनिकांनी झुगारलं.’ अमृता शेरगिल पॅरिसच्या एकोल दे बोझार् या कलाशाळेत चित्रकार ल्यूसियाँ सिमोंच्या हाताखाली शिकली. 1937 चं तिचं ‘ब्रह्मचारी’ पाहा. छटा उतरवण्याचा अकादमिक सोस तिथे उरलेला नाही, आकार सपाट आणि साधे झालेत. पण त्या उघड्या अंगांना वजन आहे, बसलेला माणूस खरंच जमिनीवर टेकलेला आहे. काय गाळायचं हे कळायला आधी ते दिसावं लागतं.

‘फोटो पुरतो.’ खरी गफलत इथे आहे. लाइफ क्लास म्हणजे बाह्यरेषा उतरवणं, असं गृहीत धरलंय. मॉडेलने एका पायावर भार दिला की त्या बाजूचं कटिहाड वर जातं, त्याच बाजूचा खांदा उतरतो, मान तोल सावरते. फोटोत हे सगळं आयतं चपटं होऊन येतं. शिवाय कॅमेरा जवळ असेल तर पुढे आलेला गुडघा डोक्याएवढा दिसतो आणि विद्यार्थी तो इमानेइतबारे तसाच काढतो. वर्गात आपली डाँकी (बसून चित्र काढायचं बाकडं) हातभर सरकवा, त्याच गुडघ्याची कड बदलते. वीस मिनिटांत मॉडेल दमते, पोट सैल पडतं, भार सरकतो. त्यातलं काय धरायचं, ते तुम्हालाच ठरवावं लागतं. दोन मिनिटांच्या पोझमध्ये तर पापण्या काढायला वेळच नसतो, अंगाचा कल तेवढा पकडायचा.

फोटोचा वापर मुळात वाईट नाही. अमेरिकेचा चित्रकार टॉमस ईकिन्स स्वतः फोटो काढायचा, चित्रांसाठी वापरायचाही. तरी शिकवताना नग्न मॉडेलचा आग्रह त्याने सोडला नाही. वर्गात पुरुष मॉडेलचं कटिवस्त्र दूर केल्यावरून 1886 मध्ये पेनसिल्व्हेनिया अकादमीतली नोकरी गेली.

पैशाचं म्हणाल, तर वीस-वीस मिनिटं न हलता उभं राहून बघा. ते कष्टाचं काम आहे आणि त्याचा मोबदला मुळात तुटपुंजाच असतो.

मजकुरातली एक तक्रार मात्र रास्त आहे : काही ठिकाणी आठवडाभर एकच पोझ लावून नुसती छटा घोटून घेतात. त्यावर उपाय म्हणजे छोट्या पोझ वाढवणं, विद्यार्थ्यांना जागा बदलायला लावणं.