‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’बद्दलचा तो मेसेज अर्धवट आहे

येशू क्रुसावरून उतरला, लग्न करून संसाराला लागला, हाच खरा इतिहास म्हणून हॉलिवूडने दाखवला, अशा अर्थाचा मेसेज फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका.

मार्टिन स्कॉर्सेसीचा हा सिनेमा १९८८ चा. सुरुवातीलाच पडद्यावर पाटी येते: हा चित्रपट शुभवर्तमानांवर (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांवर) आधारलेला नाही. आधार आहे निकोस कझानझाकिस यांच्या कादंबरीचा. लग्न, मुलंबाळं, म्हातारपण हे सगळं त्यात आहे, नाही असं नाही. पण तो क्रुसावरच्या येशूपुढे उभा केलेला मोह आहे. देवदूत म्हणून आलेली एक मुलगी त्याला खाली उतरवते. ती सैतान असल्याचं शेवटी उघड होतं. येशू तो मोह झुगारून क्रुसावर परततो आणि तिथेच प्राण सोडतो. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय. सिनेमा शेवटपर्यंत पाहिला की लगेच कळतं.

तरीही कुणाची श्रद्धा दुखावू शकते, ते मी समजू शकतो. मात्र ऑक्टोबर १९८८ मध्ये याच सिनेमावरून पॅरिसच्या सँ-मिशेल थिएटरला आग लावली गेली, प्रेक्षक जखमी झाले. मेसेज आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर सिनेमाचा शेवटही कळवा.