बाण, म्हैस आणि ठसका

आमचा भाचा 'स्कायरिम' हा कॉम्प्युटरवरचा गेम खेळतो. वरच्या पट्टीवर खूण दिसली की तिकडं नाक करून पळत सुटतो. मधे डोंगर आला तर वळसा घालत नाही, डोंगरावरच उड्या मारतो. मी त्याला ऐकवतो, "आमच्या 'मॉरोविंड'ला असले लाड नव्हते." त्याच मालिकेतला २००२ चा गेम. लोक सांगतील तो पत्ता वहीत उतरायचा आणि आपण तो वाचत चालायचं : गावाबाहेर पडा, पडक्या अवशेषांतला जुना पूल ओलांडा, दाराजवळच्या नळीचा दांडा फिरवा. आत एक छोटी चौकोनी डबी. मी ती दोन रात्री शोधली. ज्या फळीसमोरनं चारदा गेलो, तिच्यावरच होती! मधल्या २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये वाट दाखवणारा बाण आला आणि लोकांनी वही वाचायची सोडली, असं माझं मत. (भाच्याचं मत : "मामा, तुम्ही हळू आहात.")

परवा बायकोनं मिरच्यांची पिशवी आणि डबा हातात दिला. मिरच्या कुटायचा डंक कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत.

"मिरजकर तिकटीवरनं आत जावा. तालमीपुढं म्हस बांधलेली असती, तिथनं डावीकडं."

"आणि नसली तर?"

"असती ओ."

संध्याकाळी सहाला म्हैस नव्हती. खुंटे मात्र तीन दारांपुढं होते आणि डावीकडं बोळही तीन. कट्ट्यावरच्या मामांना विचारलं.

"म्हस धारेला गेली की, दूध कट्ट्यावर. आठला येती."

रस्ता विचारला, वेळापत्रक मिळालं. शेवटी लाज सोडून मोबाईल काढला. आतली बाई म्हणाली, "आपण पोहोचला आहात." समोर भिंत, भिंतीवर कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक.

तेवढ्यात शिंक आली. पहिल्या बोळात शिरलो, नाक मोकळं झालं, म्हणजे चुकलो. दुसऱ्यात दोन शिंका. तिसऱ्यात ठसका असा लागला की डोळ्यांपुढचं काही दिसेना, आणि त्या न दिसण्यातच डंकाचा धडधडाट कानावर आला.

नंबर यायला दीड तास. चटणी गरम म्हणून डंकवाल्यानं पिशवीतच भरून दिली. साडेआठला विजयी वीरासारखा घरी आलो.

बायकोनं पिशवी हुंगली. "डबा?"

डंकावरची फळी डोळ्यांपुढं आली.

"जावा परत," ती म्हणाली. "आता म्हस आली असंल."