मावशीचा रद्द झालेला सीटी स्कॅन

‘किरणोत्सर्गाची मर्यादा मूठभर शास्त्रज्ञांनी बंद खोलीत ठरवली. वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या वर गेलात की कर्करोग. सीटी स्कॅन म्हणजे सात वर्षांचं विष एका दिवसात. मर्यादा शून्य हवी आणि ती जनतेनं ठरवावी.’ महिनाभर हा फॉरवर्ड फिरतोय. सोबत जपाननं अन्नातली मर्यादा घटवल्याचा दाखला आणि मोबाइल टॉवरची भीतीही आहे. मी सोडून देत होते. पण परवा तो वाचून मावशीनं डॉक्टरांनी सांगितलेला छातीचा स्कॅन रद्द केला.

मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक; हजार मिळून एक सिव्हर्ट. १ मिलिसिव्हर्ट हा आकडा खरा आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या २००७ च्या शिफारशींत तो आहे. त्याच शिफारशींत हेही आहे की रुग्णाच्या तपासणीला ही मर्यादा लागूच नाही! ती आहे अणुप्रकल्पासारख्या स्रोतांमुळे सामान्य माणसाला मिळणाऱ्या जादा मात्रेवर. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दरवर्षी मिळतातच. फॉरवर्डच्या हिशेबानं अख्ख्या जगाचा कोटा जूनच्या तोंडाशीच संपतो. किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांना हाच आयोग वर्षाला सरासरी २० पर्यंत परवानगी देतो.

छातीच्या सीटीत साधारण ७ मिलिसिव्हर्ट मिळतात. आयोगाचाच गुणक, म्हणजे दर सिव्हर्टला सुमारे ५ टक्के, लावला तर जादा धोका ढोबळमानानं तीन हजारांत एक. तोही सगळ्या वयांची सरासरी धरून. मावशी सत्तरीची आहे. आणि एक्स-रेत दिसलेला डाग कशाचा, हे अजून कुणालाच माहीत नाही. त्याचा धोका फॉरवर्डवाल्यानं कुठे मोजलाय?

मर्यादा शून्य? आपल्या शरीरातल्या पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सर्गी पोटॅशियमचे चार हजारांहून जास्त अणू दर सेकंदाला फुटत असतात. शून्याचा नियम आला तर आधी स्वतःचं शरीर सोडावं लागेल.

जपानचा दाखला अर्धवट आहे. अन्नातल्या किरणोत्सर्गी सीझियमची मर्यादा तिथे एप्रिल २०१२ मध्ये किलोला ५०० वरून १०० बेक्वेरेल (म्हणजे सेकंदाला फुटणारे अणू) झाली, हे खरं. पण ५०० सुद्धा सुरक्षितच होतं, हे तिथलं सरकारच सांगत होतं. लोकांना दिलासा हवा होता. मोबाइल टॉवर यात कशाला घुसवलाय, कळत नाही. त्या लहरी मिलिसिव्हर्टमध्ये मोजतच नाहीत.

एक गोष्ट मात्र, नाइलाजानं का होईना, मान्य करते. अगदी कमी मात्रेतही थोडा धोका असतो असं धरूनच हे नियम केलेत. आणि तो किती सोसायचा, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ‘आर्थिक आणि सामाजिक बाबी लक्षात घेऊन’ मात्रा कमीत कमी ठेवा, असं आयोगच म्हणतो. प्रकल्पाशेजारी राहणाऱ्यांना विचारलंच पाहिजे. पण किती मात्रेनं किती अपाय होतो, हे हात वर करून ठरत नाही. ते हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या लोकांच्या १९५० पासून ठेवलेल्या नोंदींतून कळलंय.

मावशीला डॉक्टरांसाठी एकच प्रश्न लिहून दिलाय: एक्स-रेत कळलं नाही असं या स्कॅनमधून काय कळणार? उत्तर पटलं तर तारीख घेईन म्हणाली.