ईआरपी आणा, पण एक्सेल जपा

तर शेवटी ठरलं म्हणायचं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर इतकी वर्षं इमानेइतबारे चाललेलं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर आता तुम्हाला पुरेना झालंय आणि तुम्ही ईआरपी, म्हणजे विक्री, स्टोअर, खरेदी, अकाउंट्स सगळ्यांना एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर, घेताय. अभिनंदन! का घेताय ते मी विचारत नाही, कारण उत्तर मला माहितीय, समोरच्या कंपनीने घेतलंय. खरं कारण असायला हवं ते असं की विक्रीवाल्यांची ऑर्डर, स्टोअरमधला माल, खरेदीची पीओ (म्हणजे सप्लायरला दिलेली ऑर्डर) आणि अकाउंट्समधलं बिल या चार गोष्टी चार जण चार ठिकाणी टाईप करतात, चौघांचे आकडे चार येतात आणि मग महिनाअखेरीला दोन माणसं आठवडाभर बसून ते एकमेकांना चिकटवतात. पण हे मीटिंगमध्ये बोलू नका हं. बोललात की कोणीतरी विचारणार आकडे मुळात जुळत का नाहीत, आणि त्याचं उत्तर शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणजे प्रोजेक्टच बारगळायचा.

मी हे स्थलांतर तीन वेळा जवळून पाहिलंय, दोनदा अकाउंट्सच्या खुर्चीत बसून आणि एकदा कन्सल्टंटच्या बाजूने, त्यामुळे माझा सल्ला अनुभवाचा आहे. फुकट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका.

पहिलं म्हणजे डेमो. डेमो बघूनच सिस्टीम निवडायची, बाकी काही बघायचं नाही. डेमोमधली कंपनी इतकी गोड असते की तिथे नोकरी करावीशी वाटते, दहाच कस्टमर, दहाही वेळेवर पैसे देणारे, माल परत येत नाही, कोणी अर्धं पेमेंट करून बाकीचं पुढच्या बिलात बघू म्हणत नाही आणि डॅशबोर्डवरचे काटे कायम हिरव्यात. अशा वेळी तुमच्याकडची एखादी खरी भानगड काढून, म्हणजे पीओच्या आधी माल आला, १०० नगांचं बिल, प्रत्यक्षात आले ९६, त्यातले ४ रिजेक्ट, आता हे दाखवा बरं तुमच्यात कसं बसतं, असं विचारणं म्हणजे लग्नात वरपित्याला पगाराची स्लिप मागण्यासारखं आहे. विचारू नये. समोरचा माणूस घामाघूम होतो आणि चहा थंड होतो.

तेवढ्यात ते थ्री-वे मॅच नावाचं प्रकरण दाखवतील. म्हणजे पीओ, माल आल्याची पावती आणि सप्लायरचं बिल या तिन्हींचे नग आणि भाव सिस्टीम आपणहून ताडून बघते आणि फरक निघाला की पेमेंट अडवते. ऐकायला छानच आहे. पण घाबरू नका, यात टॉलरन्स नावाची एक सेटिंग असते, किती टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घ्यायचा त्याची. ती १०० वर नेऊन ठेवा. थ्री-वे मॅच आहे असं सांगता पण येतं आणि कुठलंही बिल अडत पण नाही.

मग कस्टमायझेशन. इथे अजिबात माघार घ्यायची नाही. सिस्टीममध्ये कामाची एक तयार पद्धत असते, ती शेकडो कंपन्यांत घासूनपुसून झालेली असते, पण तुमची कंपनी वेगळी आहे ना! तुमच्याकडे मालाबरोबरचं चलान तीन रंगांत निघतं, डिस्काउंट आधी फोनवर ठरतो आणि मग कागदावर येतो, आणि एका जुन्या कस्टमरसाठी बिलाचा फॉरमॅट सगळ्यात वेगळा आहे कारण त्याच्या मॅनेजरला तो तसाच आवडायचा (मॅनेजर कधीच रिटायर झालाय, फॉरमॅट आहे). हे सगळं सॉफ्टवेअरला शिकवा. लिडल या जर्मन सुपरमार्केट कंपनीने २०११ मध्ये नव्या सिस्टीमचं काम हातात घेतलं, त्यांच्याकडे मालाचा साठा खरेदीच्या किमतीने धरायचे, सिस्टीम मात्र विक्रीच्या किमतीवर चालणारी होती, मग पद्धत बदलायची की सॉफ्टवेअर, तर त्यांनी सॉफ्टवेअर बदलायला घेतलं. २०१८ मध्ये प्रोजेक्ट बंद केला तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. आता यातून काही लोक भलताच धडा घेतात. तुम्ही एवढंच बघा की सात वर्षं ते मागे हटले नाहीत.

आता डेटा, माझा आवडता विषय. कन्सल्टंट म्हणेल, जुना डेटा साफ करून द्या. तुम्ही म्हणायचं, हो हो, पुढच्या आठवड्यात. आणि शेवटच्या रात्री जसा आहे तसा उचलून टाकायचा. एका ठिकाणी मी आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची मूळ यादी, उघडून बघितला तर एकच बोल्ट चार नावांनी नांदत होता, बोल्ट १० एमएम, १० एमएम बोल्ट, बोल्ट-१०, आणि चौथा 'बोल्ट १० नवीन', जो सगळ्यात जुना होता. जुन्या सॉफ्टवेअरला काही फरक पडत नव्हता कारण खरा साठा स्टोअरवाल्या काकांच्या डोक्यात होता. बोल्ट संपत आले की काका सांगायचे, चारही नावं त्यांना पाठ. नवी सिस्टीम बिचारी एका नावाचे बोल्ट संपले की खरेदीची रिक्वेस्ट काढायची आणि बाकीच्या तीन नावांचे बोल्ट रॅकवर धूळ खात बसायचे.

त्यात पुन्हा युनिटची गंमत. बोल्ट यायचे बॉक्समध्ये, वापरले जायचे नगावर, बॉक्समध्ये १०० नग. ओपनिंग स्टॉक भरणाऱ्या पोराने ४० बॉक्स मोजले, ४० लिहिलं, आणि सिस्टीमने ते ४० नग धरले. सोमवारी सकाळी प्रॉडक्शनने ३०० नग उचलले, स्क्रीनवर साठा उणे २६०. काका रॅकसमोर उभे, बोल्टचा खच डोळ्यांसमोर, आणि कॉम्प्युटर म्हणतोय बोल्ट नाहीतच, नुसते नाहीत नाही तर २६० देणं लागतोय. काकांनी एक बोल्ट उचलला, कीबोर्डवर ठेवला आणि म्हणाले, घे, एक जमा कर. दुसऱ्या एका आयटममध्ये बरोबर उलटं झालं, नग बरोबर भरले, ४,००० च, पण भाव बॉक्सचा पडला, आणि त्या आयटमची किंमत एका रात्रीत शंभरपट. मालकांनी डॅशबोर्ड बघितला, दुपारपर्यंत मूड इतका चांगला होता की आम्ही रजेचे अर्ज सही करून घेतले. म्हणजे बघा, खराब डेटाचेही फायदे असतात.

ओपनिंग बॅलन्सचं, म्हणजे जुन्यातून नव्यात आणायच्या शिलकांचं, मात्र फार मनावर घेऊ नका. ट्रायल बॅलन्सची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीची, डावी-उजवी बाजू जुळली की झालं. कस्टमरकडून एकूण किती येणं आहे तो एक आकडा टाका, कुठल्या बिलाचे किती हे बिलवार टाकायच्या फंदात पडू नका, मग पहिलं पेमेंट आलं की ते कुठल्या बिलाला लावायचं हे कोणालाच कळणार नाही आणि वसुलीवाली टीम ज्याने पैसे दिलेत त्यालाच रिमाइंडर पाठवेल. तेवढीच ओळख ताजी राहते. जो फरक उरेल तो सस्पेन्स खात्यात टाका, न उलगडलेले आकडे तात्पुरते ठेवायचं खातं ते. नावातच आहे, शेवटपर्यंत कळत नाही कोणी केलं.

गो-लाइव्हची, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष चालू करायची, तारीख धंद्याच्या सगळ्यात गर्दीच्या मोसमात घ्या, आणि तीही ट्रेनिंगचे दिवस कापून. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये हेच करून दाखवलं. ११.२ कोटी डॉलरचा प्रोजेक्ट, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं, एप्रिलची तारीख हुकली ती जुलैवर गेली, आणि तिकडे ऑक्टोबरात हॅलोविन, म्हणजे चॉकलेट विक्रीचा ऐन हंगाम. माल तयार होता, ऑर्डरीही होत्या, पण दोघांची भेट होईना आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पुऱ्या झाल्या नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं तर तुम्हाला का नाही जमणार.

एक धोका मात्र खरंच आहे आणि त्याबद्दल कन्सल्टंट तुम्हाला आधी सांगत नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर चुकलं की आपण काय करायचो, डिलीट. मागच्या महिन्यातलं बिल आता सापडलं की तारीख मागची टाकायची आणि बसवायचं, कोणाला पत्ता नाही. या नव्या प्रकारात एकदा पोस्ट केलेली एन्ट्री खोडता येत नाही, तिची उलट एन्ट्री मारावी लागते आणि दोन्ही कायमच्या दिसत राहतात, वर कोणी मारली, किती वाजता मारली, सगळं सगळं. महिना बंद केला की त्यात कोणी काही घुसवू शकत नाही. आमच्या एका सिनियर अकाउंटंटला हे कळलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग काम कसं करायचं?

उपाय आहेत. बाराच्या बारा महिने उघडे ठेवा, पीरियड क्लोज हे बटण कुठेय हेच कोणाला सांगू नका. लॉगिनचं म्हणाल तर, एक माणूस एन्ट्री करेल आणि दुसरा मंजूर करेल अशी सोय असते, म्हणजे सप्लायर तयार करणारा आणि त्याला पैसे देणारा एकच नको वगैरे. एकाच आयडीचा पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला की ही अडचण मिटते. मग ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कोणी काय केलं त्या नोंदीत, सगळी कामं रजेवर असलेल्या माणसाने केलेली दिसतात, पण तो आल्यावर बघू.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. काहीही झालं तरी सिस्टीमचं फक्त अकाउंट्सचं मॉड्यूल, म्हणजे तेवढाच भाग, चालू करायचं. स्टोअर, खरेदी, प्रॉडक्शन हे सगळं 'फेज टू'. फेज टू ही फार सुंदर जागा आहे, तिथे सगळं होणार असतं. ईआरपी हे नाव १९९० मध्ये गार्टनर या अमेरिकन संशोधन कंपनीने दिलं, त्याआधी कारखान्यात एमआरपी (छापील किंमत नव्हे, मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) होतं, अमुक इतका माल बनवायचाय तर त्याला कुठला कच्चा माल किती आणि कधी लागेल एवढंच काढायचं, आणि नंतर त्यातच पैसे, माणसं, ऑर्डरी असं सगळं येऊन मिळालं. म्हणजे हे झाड उगवलं स्टोअर आणि प्रॉडक्शनच्या बाजूने, आणि तुम्ही नेमकं तेवढंच सोडून उरलेलं घ्यायचं. स्टोअरवाले त्यांच्या एक्सेलमध्ये, खरेदीवाले त्यांच्या एक्सेलमध्ये, आणि अकाउंट्समधला नवा मुलगा रोज संध्याकाळी दोन्ही फाइली कॉपी-पेस्ट करून नव्या सिस्टीममध्ये अपलोड करणार. याला आम्ही इंटिग्रेशन म्हणायचो. तो मुलगा रजेवर गेला की इंटिग्रेशन डाऊन.

आता कोणी म्हणेल की एवढे पैसे घालून शेवटी हातात आलं ते जुन्याच कामाचं महागडं सॉफ्टवेअर. म्हणू द्या. सगळं खरंच जोडलं असतं तर काय झालं असतं विचार करा, स्टोअरमध्ये माल आठवडाभर चढवला नाही हे अकाउंट्सला त्याच दिवशी दिसलं असतं, विक्रीवाल्याने न विचारता दिलेला डिस्काउंट मालकांना जेवायच्या आधी दिसला असता, आणि 'माझ्याकडे बरोबर आहे, तुझ्याकडे चुकलंय' हे वाक्य, ज्यावर आपली निम्मी ऑफिसं उभी आहेत, ते बोलायची सोयच उरली नसती.

जुना कॉम्प्युटर टाकून देऊ नका. 'दोन महिने पॅरलल चालवू' असं ठरतं, आमच्या इथे त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे, त्याच्यावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी आहे आणि ती कोणी लावली हेही आता कोणाला आठवत नाही. परवा ऑडिटर आले, त्यांनी सहज विचारलं वर्षअखेरचा स्टॉक किती, आणि एकदम तीन जण उठले, एकाच्या हातात नव्या सिस्टीमचा प्रिंटआउट, दुसऱ्याच्या हातात जुन्याचा, आणि काकांच्या हातात वही. ऑडिटरांनी तिन्ही बघितले, चष्मा काढला, आणि वही मागितली.